पाटणचा मठ, धुळ्याचे दप्तर आणि रोबोची आज्ञावली : खानदेशातून दिसणारा खुल्या विद्येचा इतिहास

१/
पांढऱ्या फरशीवर काळी चिकटपट्टी, तिच्यावरून डुलत चाललेली दोन चाकांची छोटी गाडी आणि भोवती कोंडाळे करून उभे असलेले विद्यार्थी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तंत्रमहोत्सवातले हे दृश्य पुण्या-मुंबईइतकेच जळगाव, धुळे आणि शिरपूरच्या ओळखीचे आहे. त्या गाडीतली आज्ञावली बहुधा पहिल्या अक्षरापासून त्या विद्यार्थ्यांची नसते. तिचा मोठा भाग जगात कोणीतरी लिहून सर्वांसाठी मोकळा ठेवलेला असतो. या मोकळे ठेवण्याला मोठा इतिहास आहे. त्यातली दोन पाने खानदेशातच लिहिली गेली आहेत.

२/
आधी त्या गाडीविषयी. तिच्या पोटाशी अवरक्त किरणांचे दिवे आणि ते किरण टिपणारे संवेदक असतात. पांढरा पृष्ठभाग किरण परतवतो, काळा ते शोषून घेतो. गाडी पट्टीवरून किती ढळली, हे त्या फरकावरून मायक्रोकंट्रोलरला कळते आणि तो डाव्या-उजव्या मोटारीचा वेग कमीजास्त करतो. ही दुरुस्ती किती करावी, याचे गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या सुकाणूसंबंधी प्रसिद्ध केले होते. त्यांनी अनुभवी सुकाण्यांचे हात पाहिले आणि ते कौशल्य समीकरणात मांडले. समीकरण छापले गेले, म्हणूनच ते जहाजावरून या खेळण्याएवढ्या गाडीपर्यंत येऊ शकले.

३/
आता आठशे वर्षे मागे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटण आहे. आज लोक तेथे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात. येथील एका शिलालेखाकडे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे किल्हॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. लेखातील दानाची तिथी चंद्रग्रहणाची असून ती ९ ऑगस्ट १२०७ या दिवसाशी जुळते.

४/
लेख आहे एका मठाविषयी. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या दरबारी चांगदेव नावाचा मुख्य ज्योतिषी होता. (योगी चांगदेव वेगळे.) हा चांगदेव थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन चालू राहावे, म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि हेमाडिदेव या बंधूंनी त्याला आश्रय दिला. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी उभी केलेली आणि दगडावर नोंदवलेली ही संस्था आहे.

५/
लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. राजांची वंशावळ संस्कृतात, भास्कराचार्यांची प्रशस्ती संस्कृतात. मात्र शेवटी मठाच्या खर्चाचा प्रश्न येतो आणि भाषा बदलते. बाजारात माल विकला गेला की त्यातला कोणता वाटा मठाला द्यायचा, ग्राहकाकडून किती पोफळे घ्यायची, चालणाऱ्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळी पळी तेल कसे द्यायचे, हे सारे मराठीत आहे. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा मजकूर म्हणूनच मोलाचा वाटतो. ही भाषा का बदलली, या प्रश्नाकडे धाग्याच्या शेवटी परत यायचे आहे.

६/
त्या मठात काय शिकवले जाणार होते? ‘सिद्धान्तशिरोमणी’ इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांच्या वयाच्या ३६ व्या वर्षी पूर्ण झाला. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शंकू, घटी, चक्र, चाप, फलक अशा वेधयंत्रांचे वर्णन त्यात येते. शेवटी ‘धीयंत्र’ येते. धी म्हणजे बुद्धी. साध्या काठीच्या साहाय्याने मोजमाप करणारी बुद्धी हेच सर्वांत श्रेष्ठ यंत्र, असा आचार्यांचा अभिप्राय आहे.

७/
त्याच प्रकरणात आपोआप फिरणारे चाकही आहे. चाकाला पोकळ आरे लावायचे, ते पाऱ्याने अर्धे भरायचे, तोंडे बंद करायची, म्हणजे चाक स्वतःहून फिरत राहील, अशी ती कल्पना. ब्रह्मगुप्तानेही सातव्या शतकात असे चाक वर्णिले होते. आजचे पदार्थविज्ञान सांगते की असे चाक अखंड फिरणार नाही. मग त्याचा उल्लेख येथे कशासाठी? कृती लपवलेली नाही, म्हणून. आरे कसे, पारा किती, हे उघड सांगितले असल्यामुळे कोणालाही ते करून पाहता येते आणि चूकही दाखवता येते. बंद पेटीतल्या यंत्राची चूक पेटीतच राहते.

८/
आणखी एक गोष्ट. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले. श्लोकात नियम असतो आणि भाष्यात त्याची उपपत्ती, म्हणजे तो नियम का खरा, याचे विवेचन. आज आज्ञावली लिहिणारा ओळींच्या शेजारी टिपणे लिहितो, ती याच गरजेपोटी. नियम पाठ करून गणित सुटते, पण नियम बदलायचा असेल तर उपपत्ती माहीत असावी लागते.

९/
पाटणच्या दानाच्या एकच वर्ष आधी, १२०६ साली, दूर दियारबकर येथे इस्माईल अल-जझारी यांनी यांत्रिक उपकरणांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात जलघड्याळे आहेत, पाणी उपसणारी यंत्रे आहेत आणि वादकांच्या पुतळ्यांची एक नौकाही आहे. फिरत्या दंडगोलावरच्या खुंट्या तरफा दाबतात आणि पुतळे वाद्ये वाजवतात. खुंट्यांच्या जागा हीच त्या पुतळ्यांची आज्ञावली. ग्रंथात भागांची मापे, आकृत्या आणि जोडणीचा क्रम इतक्या तपशिलाने दिला आहे की विसाव्या शतकात त्यावरून काही यंत्रे पुन्हा उभी करता आली. पाटण आणि दियारबकर यांचा परस्परसंबंध होता, असे म्हणण्याला आधार नाही. पण विद्या पुढच्या हाती सोपवण्याची ओढ दोन्हीकडे एकाच पिढीत दिसते.

१०/
पाटणच्या मठाचे पुढे काय झाले? तो आज उभा नाही. घाणे थांबले, बाजारपेठ ओसरली, भोवती रान वाढले. भास्कराचार्यांचे ग्रंथ मात्र जिवंत राहिले, कारण त्यांच्या नकला दूरवर गेल्या होत्या. गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात ‘लीलावती’वर टीका लिहिली. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले. कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये आले. इमारत गेली, नकला टिकल्या. हे सूत्र पुढे पुन्हा पुन्हा भेटेल.

११/
खानदेशातले दुसरे पान धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. पुढे तिचे २२ खंड झाले. जुनी पत्रे वाड्यांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेली असत. काही ठिकाणी मालक ती दाखवीत नसत, काही ठिकाणी ती वाण्याच्या दुकानी रद्दीत जात, उरलेली वाळवी खाई. राजवाडे गावोगाव पायपीट करून ती मिळवीत आणि छापीत.

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे नीट थांबावे. राजवाड्यांना इतिहासकथा लिहून थांबता आले असते. त्यांनी मूळ पत्रेच वाचकांपुढे ठेवली. त्यामुळे त्यांची अनुमाने तपासता आली, आणि पुढच्या संशोधकांनी त्यांतली काही खोडूनही काढली. संगणकाच्या जगात ‘सोर्स’ उघडा करणे म्हणतात ते हेच. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात निवर्तले आणि काही दिवसांतच, ९ जानेवारी १९२७ रोजी, तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा कागदसंग्रह असा एका घराऐवजी एका संस्थेच्या हाती आला.

१३/
आता रोबोकडे. १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने दोन यांत्रिक कासवे बनवली, एल्मर आणि एल्सी. ती प्रकाशाकडे जात आणि अडथळा आला की वळत. त्यांच्यात संगणक नव्हता. दोन निर्वात नळ्यांच्या मंडलातून ती जिवंत प्राण्यासारखी वागत. वॉल्टरने आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात त्यांची रचना दिली आणि हौशी माणसांना घरच्या टेबलावर कासव बनवण्याची वाट मोकळी झाली.

१४/
१९६७ साली अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिला जमिनीवर चालणारे कासव जोडले गेले. पुढे जा, उजवीकडे वळ, पुन्हा पुढे जा. चौकोन चुकला तर मूल स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाही आणि चूक शोधी. संगणकाने मुलाला शिकवायचे नाही, मुलाने संगणकाला शिकवायचे, हा पॅपर्ट यांचा विचार होता. चूक त्यांच्या लेखी लाजेची बाब नव्हती. ती शोधण्याची वस्तू होती.

१५/
ज्या एमआयटीत पॅपर्ट काम करीत, तेथल्याच एका प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास एक नवा छपाईयंत्र आला. कागद अडकला की संगणकावर सूचना यावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या यंत्रासाठी केली होती. नव्या यंत्राचा सोर्स कोड मिळेना, म्हणून ती सोय येथे करता येईना. अडलेला कागद क्षुल्लक होता. पण समोरची वस्तू दुरुस्त करण्याची क्षमता असून परवानगी नाही, हे त्यांना खटकले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली.

१६/
१९८९ मध्ये त्यातून ‘जनरल पब्लिक लायसन्स’ आला. आज्ञावली चालवा, वाचा, बदला, वाटा. पण बदललेली प्रत वाटाल तेव्हा पुढच्यालाही हीच मोकळीक द्या, ही त्याची अट. पाटणच्या लेखात दान पुढच्यांनी पाळावे म्हणून ते दगडावर कोरले. येथे तेच काम कायद्याच्या भाषेने केले. १९९१ मध्ये सुरू झालेला लिनक्स याच परवान्याखाली वाढला आणि आजचे असंख्य रोबो त्याच्यावर चालतात.

१७/
हार्डवेअरची कथा इटलीतल्या इव्रेया गावची. टंकलेखन यंत्रांच्या ऑलिवेत्ती कंपनीचे हे गाव. तेथील रचनाशास्त्राच्या संस्थेत कोलंबियाच्या एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने ‘वायरिंग’ नावाचा प्रकल्प केला. त्याच वाटेवर २००५ मध्ये मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर्दुइनो’ ही स्वस्त फळी बनवली. याच सुमारास संस्था बंद होण्याच्या मार्गावर होती. संस्थेबरोबर आपले कामही गडप होईल, या भीतीने त्यांनी आराखडा आणि आज्ञावली दोन्ही खुली केली. संस्था मिटली, आर्दुइनो जगभर गेले.

१८/
याचा अर्थ जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला रोकडा कळतो. आराखडा खुला असल्याने त्यावरून कोणीही फळी बनवू शकतो. ‘आर्दुइनो’ हे नाव मात्र नोंदणीकृत आहे, ते वापरता येत नाही. त्यामुळे मूळ फळीच्या किमतीच्या लहानशा भागात तशीच चालणारी फळी बाजारात मिळते. ती जळाली तर महिन्याचे गणित कोलमडत नाही. शिकताना वस्तू जळतातच. जळण्याची भीती जेवढी कमी, तेवढे शिकणे जास्त.

१९/
मोठ्या रोबोंसाठी अमेरिकेत ‘रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणजे ‘आरओएस’ उभी राहिली. स्टॅनफर्डमधल्या कामातून निघून २००७ पासून ती विलो गॅरेज या कंपनीत वाढली. कॅमेरा, मोटार, नकाशा यांच्या आज्ञावल्या वेगवेगळ्या राहून एकमेकींना निरोप धाडतील, अशी तिची रचना. त्यामुळे एकाचे नकाशा काढण्याचे काम दुसऱ्याच्या रोबोत बसते. तीही खुल्या परवान्याखाली दिली गेली. कंपनीचा कारभार २०१४ पर्यंत आटोपला. आरओएस दुसऱ्या संस्थेच्या हाती चालू राहिली. पाटण, इव्रेया, विलो गॅरेज, तिन्हीकडे सूत्र एकच.

२०/
आरओएस शिकणाऱ्याचा पहिला धडा असतो पडद्यावरच्या छोट्या कासवाला चालवण्याचा. हे कासव लोगोचे वारस आणि लोगोचे कासव वॉल्टरच्या कासवांचे. ‘गझीबो’सारख्या खुल्या आज्ञावलीत तर संपूर्ण रोबो संगणकाच्या आत चालवून पाहता येतो. ज्याच्याकडे रोबो घ्यायला पैसे नाहीत, त्यालाही रोबोची आज्ञावली लिहिता येते, ही सोय लहान नाही.

२१/
महाराष्ट्रात या विचाराला संस्थेचे रूप दिले ते आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने. प्रा. कवी आर्य आणि प्रा. क्रिती रामामृतम यांच्या पुढाकारातून आणि केंद्र सरकारच्या निधीतून तो वाढला. २०१२ पासून त्याची रोबोटिक्स स्पर्धा भरते. स्पर्धकांना कामातूनच शिकवले जाते आणि निवडक संघांना रोबोचे साहित्य पाठवले जाते. महाविद्यालयात प्रयोगशाळा उभारताना आधी अध्यापकांना तयार केले जाते आणि प्रकल्पांचे साहित्य खुले ठेवले जाते. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो, अध्यापक राहतो, हे ओळखून केलेली ही योजना आहे.

२२/
आयआयटी मुंबईतच प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्स, पायथन, आर्दुइनो अशा खुल्या साधनांवर छोटे दृक्‌श्राव्य धडे केले आणि त्यांना मराठीसह भारतीय भाषांत आवाज देण्याचे काम हाती घेतले. शाळांसाठी २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजना आली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि उरलेले पाच वर्षे ती चालवण्यासाठी. हे दुसरे १० लाख महत्त्वाचे. पाटणच्या लेखातली तेलाची पळीही अशीच चालू खर्चासाठी होती.

२३/
मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण नकलेची. खुली आज्ञावली उतरवून घेतली, नाव बदलले आणि प्रकल्प सादर केला, तर गाडी चालते पण विद्या येत नाही. पट्टी थोडी वळणदार झाली की गाडी भरकटते आणि कोणता आकडा बदलायचा हे कोणालाच ठाऊक नसते. मोकळीक वाचण्याची आणि बदलण्याची आहे. जो वाचतच नाही, त्याला खुली पेटी आणि बंद पेटी सारखीच. श्लोक मिळाला, वासनाभाष्य राहिले.

२४/
दुसरी अडचण परतीची. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात, अहवाल बांधले जातात आणि कपाटात जातात. केळीच्या बागेत ओलावा मोजणारे साधन असो वा कापसावरची कीड ओळखणारा कॅमेरा, पुढच्या वर्षीचा गट पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. जगाकडून खुले घेतले आणि आपले मात्र कुलपात ठेवले, असा हा व्यवहार होतो. माळ्यावरचे रुमाल आणि प्रयोगशाळेतले कपाट यांत राजवाड्यांना फार फरक दिसला नसता.

२५/
तिसरी अडचण भाषेची, आणि येथे पाटणचा शिलालेख पुन्हा उघडावा लागतो. त्यातले संस्कृत पंडितांसाठी होते. पण मठ ज्यांच्या जिवावर चालणार होता ते घाणेकरी, विक्रेते आणि ग्राहक होते. त्यांना आपला वाटा नेमका कळावा, म्हणून तेवढा भाग मराठीत आला असावा. ज्या ठिकाणी सामान्य माणसाचा सहभाग हवा होता, नेमक्या त्या ठिकाणी लेखाने त्याची भाषा घेतली.

२६/
आज्ञावलीतले शब्द इंग्रजीच राहतील, त्याला हरकत नाही. पण शेजारची टिपणे, जोडणीची कृती, ‘हा आकडा का’ याचे उत्तर मराठीत लिहिता येते. मायक्रोकंट्रोलरला टिपणांची भाषा कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. ती टिपणे पुढच्या वर्षी ती फळी हाती घेणाऱ्या पारोळ्याच्या, साक्रीच्या, चोपड्याच्या मुलामुलींसाठी असतात.

२७/
पाटणच्या मठाला प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल मिळत असे. एका घाण्याला ते जड नव्हते आणि सगळ्यांचे मिळून मठाचा दिवा जळत होता. खुल्या आज्ञावलीची रीत याहून निराळी नाही. एकाने संवेदकाचे टिपण लिहावे, दुसऱ्याने चूक दुरुस्त करावी, तिसऱ्याने ते मराठीत समजावून द्यावे. पाटणला गेलात तर देवीच्या दर्शनानंतर त्या शिलालेखाची आठवण जरूर ठेवा. दान कोणी दिले हे त्यात संस्कृतात आहे. ते कसे चालू ठेवायचे, हे मराठीत आहे.

(धागा समाप्त)